विज्ञानकथेला गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या बाई

१९७६ संपता संपता अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत ‘स्टार वॉर्स’ नावाची एक स्वस्त पेपरबॅक कादंबरी आली. कव्हरवर लेखक म्हणून जॉर्ज लुकस यांचं नाव होतं. प्रत्यक्षात ती पटकथेवरून लिहून दिली होती अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी. चित्रपट यायला अजून सहा महिने होते. अंतराळातल्या मारामाऱ्यांच्या सिनेमाला मोठी माणसं तिकीट काढून येतील, यावर खुद्द स्टुडिओतल्या अनेकांचा विश्वास नव्हता. २५ मे १९७७ रोजी तो लागला तेव्हा देशभरात मिळून चाळीस चित्रपटगृहंसुद्धा त्याच्या वाट्याला आली नव्हती. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमा पाहून बाहेर पडलेला माणूस दुकानात गेला तेव्हा त्याच्यासाठी पुस्तक तिथे तयार होतं, आणि ते लाखांनी खपलं. या पुस्तकाचे हक्क बॅलंटाइन प्रकाशनासाठी घेणाऱ्या संपादिकेचं नाव जूडी-लिन डेल रे. पुस्तकावर ते नाव संपादक म्हणून कुठेही छापलेलं नव्हतं.

मराठी वाचकाला पुस्तकाचा संपादक म्हटलं की श्री. पु. भागवत आठवतात. लेखकाला दीर्घ पत्रं लिहिणारे, शब्दाशब्दावर थांबणारे, ‘मौज’च्या पुस्तकाला घाट देणारे. अद्भुताची आवड असलेल्या जुन्या वाचकाला कदाचित ‘नवल’ मासिक आणि त्याचे अनंत अंतरकरही आठवतील. अमेरिकेतला विज्ञानकथा आणि फँटसीचा संपादक या दोघांचं काम करतोच, पण त्याला आणखी एक काम असतं आणि ते दुकानदाराचं. बाड निवडायचं, लेखकाकडून दुरुस्त करून घ्यायचं, त्याची किंमत ठरवायची, त्यावर कोणतं चित्र लावायचं ते सांगायचं, आणि ते कोण विकत घेईल याचं उत्तर विक्री खात्याला छातीठोकपणे द्यायचं. या शेवटच्या कामाला साहित्यिक मंडळी थोडी नाकं मुरडतात. जूडी-लिन यांची सगळी कर्तबगारी तिथेच होती.

त्यांचा जन्म १९४३ चा, न्यूयॉर्कचा. माहेरचं नाव जूडी-लिन बेंजामिन. हाडांच्या वाढीच्या जन्मजात विकारामुळे त्यांची उंची शेवटपर्यंत खुजी राहिली. साठच्या दशकातल्या प्रकाशन व्यवसायात स्त्री असणं हीच पुरेशी अडचण होती, त्यात हे. हंटर कॉलेजातून इंग्रजी साहित्य शिकून बाहेर पडल्यावर १९६५ मध्ये त्या ‘गॅलक्सी’ या विज्ञानकथा मासिकात मदतनीस म्हणून लागल्या. म्हणजे टपाल फोडण्यापासून प्रुफं पाहण्यापर्यंत पडेल ते काम. संपादक होते फ्रेडरिक पोल. ते ‘गॅलक्सी’बरोबरच ‘इफ’ हे भावंड-मासिकही चालवायचे, आणि ‘इफ’ला १९६६ पासून सलग तीन वर्षं सर्वोत्कृष्ट मासिकाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. शिकायला याहून चांगली जागा नव्हती. पोल यांनी १९६९ मध्ये मासिकं सोडली; जूडी-लिन राहिल्या आणि पायऱ्या चढत गेल्या.

मासिकात संपादक घडतो तो न मागवता आलेल्या कथांच्या ढिगाऱ्यात. इंग्रजीत या ढिगाऱ्याला ‘स्लश’ म्हणतात, रस्त्यावरचा बर्फाचा राडा. रोजच्या टपालात डझनावारी कथा येणार, त्यातल्या जवळजवळ सगळ्या साभार परत जाणार. पहिल्या पानात कळायला हवं की हा लेखक आहे की नाही, आणि पाचव्या पानात कळायला हवं की ही कल्पना आधी किती जणांनी वापरली आहे. अणुयुद्धानंतर उरलेले एक स्त्री आणि एक पुरुष आदम आणि इव्ह निघतात, ही कथा तर प्रत्येक विज्ञानकथा मासिकाला वर्षानुवर्षं येत राहिली आहे. असं हजारो पानं वाचलेल्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळते, जी लेखकाला कळत नाही: वाचक कुठे कंटाळतो.

त्या काळापर्यंत विज्ञानकथेचा आदर्श संपादक म्हणजे जॉन डब्ल्यू. कँपबेल. १९३७ पासून १९७१ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी ‘अस्टाउंडिंग’ (पुढे ‘अ‍ॅनालॉग’) हे मासिक चालवलं. कँपबेल लेखकाला कल्पनाच पुरवायचे. आयझॅक आसिमोव यांच्या ‘नाइटफॉल’ची मूळ कल्पना त्यांची. रोबॉटिक्सचे तीन नियम आपल्या कथांतून नेमक्या शब्दांत मांडून दिले ते कँपबेल यांनी, असं आसिमोव शेवटपर्यंत सांगत राहिले. ‘द कोल्ड इक्वेशन्स’ या गाजलेल्या कथेत टॉम गॉडविन पुन्हा पुन्हा अंतराळयानात चोरून शिरलेल्या मुलीला वाचवायची काहीतरी युक्ती काढायचे, आणि कँपबेल कथा पुन्हा पुन्हा परत पाठवायचे: मुलगी मेली पाहिजे. हा संपादक लेखकाच्या डोक्यात शिरून बसलेला. त्याची वाईट बाजूही होती. १९५० मध्ये याच कँपबेल यांनी डायनेटिक्ससारखं थोतांड वाचकांसमोर विज्ञान म्हणून आणलं, आणि त्यांच्या वंशविषयक मतांचा त्रास कित्येकांना झाला.

जूडी-लिन लेखकांना कल्पना पुरवायच्या नाहीत असं नाही. आसिमोव यांना ‘स्त्री रोबॉटची कथा का नाही लिहीत’ असं त्यांनीच विचारलं होतं. आसिमोव यांनी ती लिहिली आणि दुसऱ्याच मासिकाला देऊन टाकली. बाई भयंकर चिडल्या, ही आठवण आसिमोव यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याची भरपाई काही वर्षांनी झाली. अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त निघणाऱ्या एका संग्रहासाठी आसिमोव यांनी एक कथा लिहिली. साडेसात हजार शब्दांची ठरलेली, झाली दुप्पट. बाकीच्या लेखकांनी हात वर केल्यामुळे तो संग्रह बारगळला. जूडी-लिन यांनी कथा उचलली आणि १९७६ मध्ये आपल्या ‘स्टेलर’ या संग्रहमालिकेच्या दुसऱ्या भागात छापली. ही ‘द बायसेंटेनियल मॅन’. माणूस होण्यासाठी मरण पत्करणाऱ्या रोबॉटच्या या कथेला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले. एवढं असूनही कल्पना देणं हा त्यांच्या कामाचा गाभा नव्हता. त्यांची खरी करामत मासिकातून पुस्तकांकडे वळल्यावर दिसली.

त्यासाठी पेपरबॅकचा धंदा थोडा समजून घ्यायला हवा. मास-मार्केट पेपरबॅक म्हणजे खिशात मावणारं, वर्तमानपत्राच्या जातीच्या कागदावरचं पुस्तक. ते पुस्तकांच्या दुकानापेक्षा औषधांच्या दुकानात, बसस्थानकावर, किराणा मालाच्या मोठ्या दुकानात, फिरत्या तारेच्या मांडणीवर विकलं जायचं. महिन्याभरात खपलं नाही तर मांडणीवरून खाली. परत पाठवायची पद्धत तर ऐकून धक्का बसावा अशी: विक्रेत्याने फक्त कव्हर फाडून प्रकाशकाला पाठवायचं आणि पैसे वळते करून घ्यायचे, आतलं पुस्तक रद्दीत. छापलेल्या प्रतींचा मोठा हिस्सा असाच संपतो हे धरूनच हिशेब मांडलेले असतात. अशा बाजारात कव्हर म्हणजे केवळ सजावट उरत नाही. सहा फुटांवरून, चालत्या माणसाला, दोन सेकंदांत कळलं पाहिजे की हे पुस्तक आपल्यासाठी आहे.

बॅलंटाइन प्रकाशन १९५२ मध्ये इयन आणि बेट्टी बॅलंटाइन या जोडप्याने काढलं. अमेरिकेत टॉल्किनला घरोघर पोचवलं ते यांनी. त्यामागे एक भांडण होतं. १९६५ मध्ये एस प्रकाशनाच्या डोनाल्ड वोलहाइम या संपादकाने, अमेरिकेतल्या कॉपीराइट कायद्यातली फट शोधून, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ परवानगीशिवाय ७५ सेंटला बाजारात आणली. त्याच वर्षी बॅलंटाइनची अधिकृत आवृत्ती ९५ सेंटला आली, मलपृष्ठावर टॉल्किन यांच्या निवेदनासह. विद्यापीठांतल्या पोरांनी महाग असूनही तीच घेतली. दोन्ही आवृत्त्या मिळून पुस्तक तुफान चाललं. मग प्रकाशकांपुढे प्रश्न उभा राहिला: वाचकाला टॉल्किन आवडतो, की अशा प्रकारची गोष्ट आवडते? बॅलंटाइनने लिन कार्टर यांच्या हाती एक मालिका दिली. १९६९ ते १९७४ या काळात त्यांनी विल्यम मॉरिस, लॉर्ड डन्सेनी यांच्यासारख्यांची विस्मरणात गेलेली अद्भुत पुस्तकं पुन्हा छापली. अभिरुची उत्तम, खप यथातथा.

१९७३ मध्ये बॅलंटाइन रँडम हाउसने विकत घेतलं आणि त्याच वर्षी जूडी-लिन तिथे आल्या. आल्या आल्या त्यांनी घेतलेला एक निर्णय धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाचा होता. जॉन नॉर्मन यांची ‘गोर’ ही मालिका बॅलंटाइनसाठी बक्कळ कमवत होती. परग्रहावरच्या तलवारबाजीच्या आडून स्त्रियांच्या गुलामगिरीचं कौतुक करणारी ही पुस्तकं. बाईंनी ती सोडून दिली. नॉर्मन यांना लगेच दुसरा प्रकाशक मिळाला, आणि तो होता वोलहाइम. एस सोडून त्यांनी १९७१ मध्ये पत्नी एल्सी यांच्याबरोबर ‘डॉ’ हे स्वतःचं प्रकाशन काढलं होतं. संपादकाची ओळख त्याने काय छापलं यावरून ठरवतात. खपणारं काय छापायचं नाही, हे ठरवायला मला वाटतं जास्त धमक लागते, कारण त्या नकाराचा तोटा वर्षअखेरीच्या ताळेबंदात सगळ्यांना दिसतो.

वोलहाइम यांनी या हिशेबाची फेड वेगळ्याच तऱ्हेने केली. इलिनॉयमधल्या टेरी ब्रुक्स नावाच्या तरुण वकिलाने कायद्याचा अभ्यास करता करता वर्षानुवर्षं लिहिलेलं एक भलंमोठं बाड त्यांच्याकडे पाठवलं. आपल्याला नको, पण बॅलंटाइनमध्ये जूडी-लिन डेल रे यांना पाठवून पाहा, असं त्यांनी सुचवलं. एव्हाना बाईंनी आपल्या घरातलाच माणूस कामाला आणला होता. त्यांचे पती लेस्टर डेल रे हे जुने विज्ञानकथा लेखक. १९७१ मध्ये दोघांचं लग्न झालं होतं. (हे लेस्टर स्वतःचं नाव रामोन फेलिपे वगैरे लांबलचक स्पॅनिश सांगायचे. वारल्यानंतर कळलं की जन्मनाव साधं लिओनर्ड नॅप होतं. फँटसीच्या संपादकाला शोभेशी गोष्ट.) विज्ञानकथा बाईंकडे, फँटसी लेस्टर यांच्याकडे अशी वाटणी झाली. १९७७ मध्ये ‘डेल रे’ ही स्वतंत्र प्रकाशनशाखा सुरू झाली आणि पहिली मूळ कादंबरी म्हणून त्यांनी निवडलं ब्रुक्स यांचं ते बाड: ‘द सोर्ड ऑफ शन्नारा’.

त्याआधी ब्रुक्स यांना पुस्तक पुष्कळसं पुन्हा लिहावं लागलं होतं. खरा दणका बसला दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी. जवळजवळ चारशे पानं झाल्यावर ब्रुक्स यांनी ती लेस्टर यांना दाखवली. उत्तर आलं की हे फेकून द्या. नुसतं तेवढंच नाही. कुठे काय बिघडलं ते पानोपानी टिपून बाड परत आलं. ब्रुक्स यांनी आधी संताप केला, मग टिपणं वाचली, मग खरंच फेकून दिलं आणि नव्याने सुरुवात केली. ‘द एल्फस्टोन्स ऑफ शन्नारा’ १९८२ मध्ये आलं. पहिलं पुस्तक लाखांनी खपलेल्या लेखकाला हे सांगायला प्रकाशक सहसा धजत नाही. त्याचं काहीही खपेल, मग कशाला वाद.

फँटसीच्या संपादनात नेमकं काय पाहतात, हा प्रश्न इथे यायला हवा. वास्तववादी कादंबरीत पुण्याहून मुंबईला जायला किती वेळ लागतो हे लेखकाने सांगायची गरज नसते. कल्पित जगात सगळंच लेखकाने ठरवलेलं असतं, म्हणून सगळंच विसंगत होऊ शकतं. तिसऱ्या प्रकरणात मांत्रिकाने दार नुसत्या शब्दाने उघडलं असेल, तर विसाव्या प्रकरणात तो तुरुंगात का बसून आहे? जादूला किंमत मोजावी लागत नसेल तर संकट कसलं? सैन्य दहा दिवसांत जे अंतर काटतं ते नायकाने एका रात्रीत कसं काटलं? आकाशात चंद्र दोन असतील तर भरती-ओहोटीचं काय? ही प्रश्नावली संपादकाची. त्यानंतर कॉपी एडिटर एक वही करतो: प्रत्येक कल्पित नावाचं शुद्धलेखन, कोणाचे डोळे कोणत्या रंगाचे, कोण कोणाचा चुलता, कोणता सण कोणत्या ऋतूत. सात खंडांची मालिका असेल तर ही वही लेखकापेक्षाही विश्वासार्ह ठरते. विज्ञानकथेत आणखी एक दुखणं असतं. लेखकाने मेहनतीने केलेला अभ्यास त्याला वाचकाला सांगायचाच असतो, आणि मग दोन शास्त्रज्ञ एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी पानभर समजावत बसतात. ती पानं कापताना लेखक विव्हळतो. कापावी लागतातच.

१९७७ हे साल विलक्षण निघालं. ‘शन्नारा’ न्यूयॉर्क टाइम्सच्या मोठ्या आकाराच्या पेपरबॅकच्या खपाच्या यादीत चढलं. तिथे पोचलेली ती पहिली कादंबरी, आणि ती महिनोन्‌महिने उतरली नाही. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’. त्याच वर्षी टॉल्किन यांचं मरणोत्तर ‘सिल्मरिलियन’. आणि त्याच वर्षी स्टीफन डोनल्डसन यांची कुष्ठरोगी नायकाची कडवट फँटसी. तिला ४७ नकार मिळाले होते आणि नकार देणाऱ्यांत बॅलंटाइनसुद्धा होतं. तिथली माणसं बदलल्यावर डोनल्डसन यांनी ती परत पाठवली, लेस्टर यांनी वाचली आणि घेतली. बाड तेच, पत्ता तोच. काही वर्षांनी डेव्हिड एडिंग्ज त्रिखंडात्मक कादंबरीची योजना घेऊन आले तेव्हा लेस्टर यांनी ती पाच खंडांची करायला लावली, कारण दुकानांच्या साखळ्यांना फार जाड पेपरबॅक नको होती. आज फँटसीच्या मालिका इतक्या लांब का असतात याचं एक कारण असं मांडणीच्या मापात सापडतं.

या यशाची दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही. ‘शन्नारा’ हे पुस्तक म्हणून मला तरी सामान्य वाटतं. टॉल्किनच्या कथेचा सांगाडा त्यात पानोपानी दिसतो. लिन कार्टर यांनी तर छापील शब्दांत त्याला निलाजरी नक्कल म्हटलं, आणि ज्याच्या मालिकेच्या जागी हे आलं त्या माणसाचा राग समजण्यासारखा आहे. १९९० मध्ये डेव्हिड हार्टवेल या दुसऱ्या मातब्बर संपादकाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहून लेस्टर यांचा साचाच उलगडून दाखवला: कल्पित जग, चालणारी जादू, अंगच्या चांगुलपणाने आणि एखाद्या वडीलधाऱ्याच्या आधाराने दुष्टावर मात करणारा तरुण नायक. या साच्यातून पुढे ढिगाने पुस्तकं पडली. वाचकाला टॉल्किन नव्हे तर ‘तशी’ गोष्ट हवी आहे, हे डेल रे दांपत्याने अचूक ओळखलं, आणि म्हणूनच ‘तशी’ गोष्ट फँटसीच्या मानगुटीवर बसली. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून आल्या. चांगल्या संपादकाने काय करावं याचं उत्तर यातून सहज निघत नाही; पण त्या मांडणीवर जागा झाली नसती, तर पुढे साचा मोडणाऱ्यांनाही ती मिळाली नसती, असं माझं मत आहे.

जूडी-लिन यांचा हात विज्ञानकथेच्या बाजूला अधिक स्वच्छ दिसतो. अ‍ॅन मॅकॅफ्री यांची ड्रॅगनवर स्वार होणाऱ्यांची मालिका बॅलंटाइनकडे १९६८ पासूनच होती. १९७८ मध्ये ‘द व्हाइट ड्रॅगन’ आलं तेव्हा बाईंनी ते थेट पुठ्ठाबांधणीत काढलं, मायकेल व्हेलन या चित्रकाराचं कव्हर लावलं, आणि ते टाइम्सच्या पुठ्ठाबांधणीच्या यादीत गेलं. ती यादी म्हणजे प्रतिष्ठितांची ओसरी. अंतराळ आणि ड्रॅगनवाल्यांना तोवर तिथे सहसा कोणी बसायला सांगत नसे. विल्यम गोल्डमन यांचं ‘द प्रिन्सेस ब्राइड’ १९७३ मध्ये पुठ्ठाबांधणीत फारसं चाललं नव्हतं. पेपरबॅकमध्ये त्यालाही त्यांनी नव्या रूपात वाचकांपुढे आणलं. त्यावरचा सिनेमा १९८७ चा, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतरचा. जुन्या लेखकांची मागे पडलेली पुस्तकं एकाच धाटणीच्या नव्या कव्हरांत पुन्हा छापायची, म्हणजे एक आवडलं की वाचक दुसरं शोधत येतो, ही साधी युक्ती त्यांनी जोरात वापरली. फिलिप के. डिक यांनी त्यांची तुलना मॅक्सवेल पर्किन्स यांच्याशी केली. पर्किन्स हे हेमिंग्वे आणि फिट्झजेराल्ड यांचे संपादक. अमेरिकेत संपादकाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

बाईंच्या लेखकांतले आर्थर सी. क्लार्क कोलंबोत राहत आणि आपण आता लिहिणं थांबवलं असं अधूनमधून जाहीर करत. ‘२००१’ या त्यांच्या कादंबरीचा पुढचा भाग मात्र लिहिला गेला: ‘२०१० : ओडिसी टू’, १९८२, डेल रे. कादंबरी संगणकावर लिहिली होती, आणि सगळी एका पाच इंची डिस्केटवर बसून कोलंबोहून न्यूयॉर्कला गेली. शेवटच्या दुरुस्त्या तर श्रीलंकेतल्या पादुक्का भूकेंद्रावरून हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहामार्फत पाठवल्या गेल्या. दळणवळण उपग्रहांची कल्पना १९४५ मध्ये मांडणाऱ्या माणसाची प्रुफं उपग्रहावरून यावीत, यात संपादकीय खात्यालाही गंमत वाटली असणार.

हा पेशा आज करू पाहणाऱ्याची वाट बरीचशी तीच आहे. सुरुवात संपादकीय सहायक म्हणून, पगार बेताचा आणि न्यूयॉर्कचं घरभाडं न झेपणारं. दिवसभर बैठका, ईमेल, करारांचे कागद. बाडं वाचायची ती रात्री आणि शनिवार-रविवारी. मोठ्या प्रकाशनांकडे आता बहुतेक बाडं एजंटांमार्फतच येतात. आवडलेलं बाड संपादकाला एकट्याच्या जोरावर घेता येत नाही. किती प्रती खपतील, किंमत काय, लेखकाला आगाऊ किती द्यायचे याचा तक्ता मांडून विक्री आणि प्रसिद्धी खात्यांना पटवावं लागतं. ‘हे कोणत्या दोन पुस्तकांसारखं आहे’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि कशासारखंच नसलेलं पुस्तक तिथेच अडखळतं. ढिगारा वाचायची शाळा मासिकांनीच चालू ठेवली आहे. ‘स्ट्रेंज होरायझन्स’सारखं मासिक २००० पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालतं आणि त्याच्या संपादकांत गौतम भाटिया या भारतीय वकील-लेखकाचं नाव राहिलं आहे, म्हणजे या कामासाठी न्यूयॉर्कला जाऊन राहायलाच हवं असं आता नाही. ढिगारा मात्र बदलला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्कस्वर्ल्ड’ या मासिकाला यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा इतका पूर आला की संपादक नील क्लार्क यांना काही काळ कथा स्वीकारणंच बंद करावं लागलं.

धोकाही जुनाच आहे. फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारली होती. १९६५ मध्ये ती छापली चिल्टन या प्रकाशनाने, जे मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखलं जायचं. तिथे स्टर्लिंग लॅनिअर नावाचा एक संपादक होता. त्याने ती ‘अ‍ॅनालॉग’मध्ये क्रमशः वाचली होती आणि हर्बर्ट यांना स्वतःहून पत्र लिहिलं. पुस्तक जाडजूड, महाग. सुरुवातीला खपलं नाही. लॅनिअर यांची नोकरी गेली. ‘ड्यून’ पुढे विज्ञानकथेतल्या सर्वाधिक खपणाऱ्या पुस्तकांपैकी एक झाली, पण ती नोकरी काही परत आली नाही. बरोबर असणं आणि वेळेत बरोबर असणं या संपादकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जूडी-लिन यांचा अंदाज बहुधा वेळेतच खरा ठरायचा. ऑक्टोबर १९८५ मध्ये त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला आणि २० फेब्रुवारी १९८६ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. क्लार्क यांचा पुढचा भाग ‘२०६१’ त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता, एका डॉलरला. १९८७ मध्ये तो आला तेव्हा अर्पणपत्रिकेत क्लार्क यांनी या व्यवहाराची नोंद केली, आणि आपला डॉलर वसूल झाला की नाही हे बाईंना कधीच कळलं नाही, असं वर लिहिलं.

बाई गेल्या त्याच वर्षी, १९८६ च्या उन्हाळ्याच्या शेवटी, अटलांटा इथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात सर्वोत्कृष्ट व्यावसायिक संपादकाचा ह्यूगो पुरस्कार जूडी-लिन यांना जाहीर झाला. लेस्टर यांनी तो नाकारला. ती नुकतीच वारली म्हणून तुम्ही हा देताय, आणि तिला स्वतःला हे अजिबात आवडलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस कडू बोलला, पण आकडे त्यांच्या बाजूने आहेत. संपादकाचा ह्यूगो १९७३ मध्ये सुरू झाला आणि १९८४ पर्यंतची बारा वर्षं तो फक्त मासिकांच्या संपादकांना मिळाला. मतदार म्हणजे वाचक. मासिकाच्या संपादकाचं नाव त्यांना दर महिन्याला छापलेलं दिसायचं, पुस्तकाच्या संपादकाचं कधीच नाही. नेमक्या त्याच बारा वर्षांत बाईंनी अमेरिकेतल्या विज्ञानकथेची मांडणी उलटीपालटी केली होती. २००७ मध्ये पुरस्काराचे दोन भाग झाले, एक कथांच्या आणि एक पुस्तकांच्या संपादकासाठी. दुसऱ्या भागात मत कशावर द्यायचं हा घोळ मात्र उरलाच, म्हणून त्या वर्षात आपण कोणकोणती पुस्तकं केली याची यादी बरेच संपादक हल्ली स्वतःच जाहीर करतात.